शेरा

मे महिन्यात कादवा आटते
तेव्हाच पुलाचं पोट बघायला मिळतं.
वर्षातून एकदा, पावसाळापूर्व तपासणी,
प्रपत्र दोन प्रतींत, मधे कार्बन.
आमच्या उपविभागात कार्बन अजून मिळतो.

वरून पूल म्हणजे रस्ताच.
पिंपळगावच्या बाजाराला निघालेल्या ट्रॉल्यांना कळत नाही
जमीन कुठं संपली
आणि कुठून पुढं आपल्याला कुणीतरी धरलंय.

निवृत्ती पोटिंदे, मैलकुली, एकतीस वर्षं नोकरी,
खांबाला कान लावून हातोडी मारतो.
ठण् आलं की पुढं.
डब्ब आलं की थांबतो, माझ्याकडं बघतो,
मी पिवळ्या खडूनं गोल काढते.
कलिंगड घेताना वाजवून बघता ना मॅडम, तसंच.
तिथं पोकळ वाजलं की गोड,
इथं भरीव.

पहिल्या खांबाला दोन गोल.
दुसऱ्याला एक, आणि आग्या मोहोळ,
त्याच्या खालून आम्ही श्वास धरून गेलो.
बेअरिंग गंजून अशी बसलीय
की उन्हात गर्डरला सरकायला जागा नाही.
पुलाला हलू द्यावं लागतं,
हे सांगितलं की लोक घाबरतात.
न हलणाऱ्या पुलाला कुणी घाबरत नाही.

कठड्याच्या फटीत पिंपळ, वीतभर.
पोटिंदेनं चपला काढल्या, हात जोडले,
मग ओढला.
निम्मं मूळ हातात आलं.
निम्मं आतच.

तिसऱ्या खांबाशी वाळू नव्हती.
नदीनं कधी नेली, कोण जाणे,
म्हणजे कोण हे आम्हाला माहीत आहे,
रात्रीचे डंपर नदीचे नसतात.
पाया उघडा, माणूसभर.
टेप लावला : दोन मीटर दहा.
मागच्या वर्षीचं प्रपत्र काढलं.
खांब क्रमांक तीन, पायाची स्थिती : बरी.

अक्षर माझंच.

मागच्या वर्षी पात्रात पाणी होतं,
एका दिवसात आठ पूल होते,
जीपला डिझेल नव्हतं.
म्हणजे होतं, दौऱ्याला होतं.
मी वरूनच, कठड्याला टेकून, बरी लिहिलं
आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायले.
चहा चांगला होता, तेही आठवतं.

रकाने तीन : चांगली, बरी, वाईट.
वाईट लिहिलं की जड वाहतूक बंद.
बंद केली की बावीस किलोमीटरचा वळसा :
कांदा, शाळेची बस,
मंगळवार-शुक्रवार डायलिसिसला नाशिक गाठणारे
पलीकडच्या वस्तीवरचे सावळीराम ढेपले.
आणि मग फोन. आधी गावातून, मग वरून.
सोनगिरे साहेब म्हणाले, बरी लिहा,
पुढं निधी उपलब्धतेनुसार दुरुस्ती प्रस्तावित.
माणूस वाईट नाही.
तीनदा प्रस्ताव पाठवलाय त्यांनी,
तिन्ही पोचपावत्या फायलीला आहेत,
सुतळीनं बांधलेल्या.

शेऱ्याचा रकाना सगळ्यात अरुंद, दीड इंच.
दोन मीटर दहा त्यात मावत नाही.
मी वाईट लिहिलं.
पेन दाबून, खालच्या प्रतीवर उमटावं म्हणून.
इतकं दाबलं की मागच्या पानावर,
कोऱ्या, पुढच्या पुलाच्या प्रपत्रावरही
ते हाताला लागत होतं.

संध्याकाळी घरी जायला तोच पूल.
पोटिंदे स्कूटरवर मागं, हातोडी पिशवीत.
समोरून ट्रॉली येत होती, शिगोशीग भरलेली,
पोरं वर पोत्यांवर बसून गात होती.
मी अलीकडंच थांबले.
दोघांचं वजन एका वेळी नको.
ड्रायव्हरला वाटलं मान दिला, त्यानं हात केला.
पोटिंदे म्हणाला, आता चला.

तो त्याच्या नातीच्या ॲडमिशनचं सांगत होता.
तिसऱ्या गाळ्यावर ते मधेच थांबलं.
चौथ्यावर पुन्हा सुरू झालं.